सेमिस्टर, अभ्यासिका आणि आखडलेली मान: साताऱ्यातल्या विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

परीक्षेच्या तारखा लागल्या की सगळ्यात आधी बंद होतं ते हिंडणं-फिरणं. सकाळचं ग्राउंड सुटतं, संध्याकाळचा खेळ सुटतो आणि बसण्याचे तास चार-पाचावरून दहा-बारावर जातात. दोन-तीन आठवड्यांत मान आखडते, दोन्ही पात्यांच्या मध्ये ठणका लागतो, कंबर धरते. मग ‘बसायची पद्धत चुकतेय’ असं ठरवून कुणी नवी खुर्ची आणतं, कुणी मेडिकलमधून पट्टा.

बसायची पद्धत महत्त्वाची आहे, पण ती या दुखण्याचं धाकटं कारण आहे. थोरली कारणं तीन: एकाच स्थितीत न हलता फार वेळ राहणं, शरीरावरचा भार अचानक बदलणं, आणि ताणामुळे तुटलेली झोप. परीक्षेच्या तोंडावर ही तिन्ही एकदम येतात. म्हणून व्यायाम ‘परीक्षा झाल्यावर बघू’ म्हणून पुढे ढकलायची गोष्ट नाही. परीक्षेच्या काळात तो कमी करायचा, पण शून्यावर आणायचा नाही. पुढचं सगळं याच एका मुद्द्याभोवती आहे. कॉलेजात शिकणारे असोत की अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणारे, दोघांनाही ते सारखंच लागू पडतं.

दुखतं कशामुळे

डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं असतं. ते पुढे झुकवून ठेवलं की मानेच्या मागचे आणि खांद्यावरचे स्नायू ते धरून ठेवतात. जोर फार लागत नाही, पण सुट्टी मिळत नाही. सलग तासभर थोडाच का होईना आवळलेला स्नायू थकतो आणि दुखू लागतो. जागेवरून उठलं, हात वर नेले, चार पावलं टाकली की तोच स्नायू सैल होतो.

‘मान ६० अंश वाकवली की २७ किलो भार पडतो’ हा आकडा मोबाइलवर सारखा फिरतो. तो गणिती मॉडेलमधून काढलेला आहे. मान तेवढ्याने झिजते असा त्याचा अर्थ होत नाही, आणि वाकून बसणाऱ्या प्रत्येकाची मान दुखतेच असंही नाही. त्या आकड्याने घाबरून काठीसारखं ताठ बसणारे विद्यार्थीही तितकेच आखडतात, कारण ताठ बसणं ही सुद्धा एकच स्थिती झाली.

ताणाचं काम याहून खोलवर चालतं. काळजीत असताना दात आवळले जातात, खांदे कानाकडे सरकतात, श्वास छातीच्या वरच्या भागातच घुटमळतो. झोप पाच तासांवर आली की वेदनेची जाणीव तीव्र होते, म्हणजे कालपर्यंत सहन होत असलेली ठसठस आज असह्य वाटते. इंटर्नल, सबमिशन, जर्नलवरची सही आणि मागच्या वर्षीची राहिलेली केटी हे सगळं एकाच आठवड्यात आलं की मान धरणं हे निव्वळ मानेचं दुखणं राहत नाही.

आधी हे नाही ना, ते बघा

विशीतली बहुतेक मानदुखी-कंबरदुखी गंभीर नसते आणि काही आठवड्यांत उतरते. पण खालच्या गोष्टींत व्यायाम करत वाट बघायची नाही.

लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, लघवी अडकणं, बैठकीच्या जागी बधिरपणा येणं, पायातली ताकद कमी होत जाणं: यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र असली तरी. पडल्यानंतर किंवा गाडीच्या अपघातानंतर सुरू झालेलं दुखणंही लगेच दाखवायचं. संध्याकाळी येणारा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम आणि कूस बदलूनही न थांबणारं पाठीचं दुखणं असेल तर मणक्याच्या टीबीची तपासणी लागते. आपल्याकडे हा आजार तरुणांतही दिसतो आणि वेळेत सापडला तर औषधांनी बरा होतो.

आणखी एक दुखणं वर्षानुवर्षं ‘बसून बसून होतंय’ म्हणून अंगावर काढलं जातं. कंबरदुखी तीन महिन्यांहून जुनी आहे, सकाळी उठल्यावर अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ कंबर ताठ राहते, हिंडलं की मोकळी होते आणि आराम केला की उलट वाढते, पहाटे दुखण्यानेच जाग येते: हे वर्णन जुळत असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस हा आजार अशाच पद्धतीने, अगदी याच वयात सुरू होतो. लवकर उपचार मिळाले तर पाठीचा कणा आखडण्यापासून बराचसा वाचवता येतो.

पहिला आठवडा फक्त नोंद

वहीच्या शेवटच्या पानावर पाच रकाने आखा: बसण्याचे एकूण तास, न उठता सलग बसलेला सर्वांत मोठा वेळ, चाललेली मिनिटं, झोपेचे तास, आणि झोपताना दुखण्याला ० ते १० मधला एक आकडा. सात दिवस रोज झोपण्याआधी भरा, दोन मिनिटं लागतात. बहुतेकांच्या वहीत एकूण तासांपेक्षा दुसरा रकाना जास्त बोलतो. आठ तास बसूनही दर अर्ध्या तासाने उठणारा मुलगा सहा तासांत एकदाच उठणाऱ्यापेक्षा बरा असतो. आपला दुखण्याचा आकडा कुठल्या रकान्याबरोबर वर-खाली होतो ते बघा आणि सुरुवात तिथून करा.

बसायची जागा लावणं

महागडी खुर्ची लागत नाही. प्लास्टिकची खुर्ची असेल तर जुना टॉवेल गुंडाळून आठ-दहा सेंटिमीटर जाडीची वळकटी करा आणि ती कंबरेच्या पोकळीत, म्हणजे पँटच्या पट्ट्याच्या थोडी वर ठेवा. पाऊल पूर्ण जमिनीला टेकलं पाहिजे. उंची कमी असलेल्या मुलींचे पाय अभ्यासिकेतल्या खुर्चीवर लोंबकळतात, मांडीच्या मागे काठ रुततो आणि पाय मुंग्या येऊन जड पडतात. त्यावर पायाखाली दोन विटा हा पुरेसा उपाय आहे.

लॅपटॉपची अडचण अशी की पडदा डोळ्यांच्या उंचीला आणला तर कीबोर्ड फार वर जातो, आणि कीबोर्ड कोपराच्या उंचीला ठेवला तर मान खाली जाते. रोज दोन तासांहून जास्त काम असेल तर लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर दहा-पंधरा सेंटिमीटर उचला, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा आणि वेगळा साधा कीबोर्ड-माऊस जोडा. पडदा हातभर लांब. खुर्चीवर पैसे घालण्याआधी कीबोर्डवर घाला, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पुस्तक वाचताना ते टेबलावर सपाट ठेवू नका. मागे दोन जाड पुस्तकं देऊन त्याला उतार द्या. व्हिडिओ लेक्चर मोबाइलवर बघायचं असेल तर मोबाइल बाटलीला टेकवून उभा करा. हातात धरला की अंगठा आणि मान दोन्ही एकदम दमतात.

कोपर टेबलाच्या धारदार कडेवर टेकवून तासन् तास वाचलं की करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या येतात, कारण कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी नस दाबली जाते. घडी केलेला रुमाल कोपराखाली घाला आणि कोपर सरकवत राहा. मुंग्या रात्री आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांत येत असतील तर मामला मनगटातल्या नसेचा असतो, तो डॉक्टरांना दाखवा.

हॉस्टेलवर टेबल नसेल आणि कॉटवरच अभ्यास असेल तर पाठ भिंतीला, कंबरेत उशी, मांडीवर भरलेली सॅक आणि सॅकवर पुस्तक. पालथं पडून कोपरांवर वाचणं दहा मिनिटांपुरतं ठीक. जमिनीवर मांडी घालून बसणंही चांगलं, फक्त समोर चौरंग हवा आणि दर वीस मिनिटांनी पायांची घडी बदलायला हवी.

उठण्याची सवय

दर ३० ते ४० मिनिटांनी दोन मिनिटं उठायचं. गजर लावला तर तो दोन दिवसांत बंद केला जातो, म्हणून उठणं अशा गोष्टीला बांधा जी टाळता येत नाही. पाण्याची बाटली टेबलावर ठेवू नका, दाराशी ठेवा. धड्याचा एक मुद्दा संपला की उभं राहून तो स्वतःला तोंडी सांगा. घोकंपट्टी नेहमी चालत करा. अभ्यासिकेत शांतता पाळायची असते, तेव्हा जिन्यात किंवा व्हरांड्यात जा.

त्या दोन मिनिटांत एवढंच करायचं: हनुवटी सरळ मागे ओढा, म्हणजे दुहेरी हनुवटी होईल अशी, पाच सेकंद धरा, आठ वेळा. मान वर किंवा खाली करायची नाही, बहुतेकांची चूक तिथेच होते. मग हात डोक्यामागे घेऊन पाठीचा वरचा भाग मागे कलवा, पाच वेळा. शेवटी टाचा उचलून दहा वेळा वर-खाली. मानेचे गरागरा गोल फेरे घेऊ नका. ते केल्याने चक्कर येते, सुटत काहीच नाही.

आठवड्यातून दोनदा ताकद

हा भाग सगळ्यांत जास्त टाळला जातो, आणि दुखणं परत येऊ न देण्यात त्याचाच वाटा मोठा आहे. ज्या स्नायूत दम आहे तो तीच मान तेच आठ तास कमी कष्टात धरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही प्रौढांसाठी चालण्या-पळण्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगितले आहेत.

जिमची गरज नाही. खोलीत खुर्ची, कॉट, जिना आणि पुस्तकांची सॅक असली की झालं. सोमवार-गुरुवार असे मध्ये अंतर ठेवून दोन दिवस, दर वेळी २५ ते ३० मिनिटं.

- खुर्चीवरून उठबस: हात न टेकता १० ते १५ वेळा, तीन फेऱ्या. सोपं झालं की भरलेली सॅक छातीशी धरून.
- दंड: आधी भिंतीला, मग टेबलाच्या कडेला, मग जमिनीवर. ८ ते १२, तीन फेऱ्या.
- सॅक ओढणं: एक हात कॉटवर टेकवून कमरेतून वाका, पाठ सरळ, दुसऱ्या हाताने सॅक कमरेपर्यंत ओढा. पाच किलोपासून सुरुवात, प्रत्येक बाजूने १०, तीन फेऱ्या.
- उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं: वर तीन सेकंद थांबून १२ वेळा, तीन फेऱ्या.
- जिन्याच्या पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली: १५, तीन फेऱ्या.
- कुशीवर, गुडघे टेकून, कोपरावर शरीर उचलून धरणं: प्रत्येक बाजूला २० सेकंद, दोनदा.

दोन फेऱ्यांच्या मध्ये मिनिट-दीड मिनिट थांबा. अजून दोन-तीन वेळा जमलं असतं असं वाटतं तिथेच थांबायचं, अगदी हात थरथरेपर्यंत नाही. व्यायामाच्या लागोपाठ दोन खेपांना वरचा आकडा सहज गाठला की सॅकमध्ये एक लिटर पाण्याची भरलेली बाटली टाका, म्हणजे एक किलो वाढला. मुलं दंड मारतात आणि ओढण्याचा व्यायाम सोडतात. छाती भरते, पात्यांमधला ठणका तसाच राहतो. सहातला एकच करायला वेळ असेल तर सॅक ओढा.

सुरुवातीला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखेल. ते स्नायूंचं दुखणं असतं, तीन दिवसांत जातं. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं, किंवा कळ हातापायात उतरली, तर तो व्यायाम तूर्त सोडा.

सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे भवानराव पंतप्रतिनिधी याच जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे. त्यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार रुजवले. जागा चटईएवढी, वेळ दहा मिनिटं, म्हणून हॉस्टेलच्या खोलीला हा व्यायाम चपखल बसतो. सहापासून सुरू करा, दर आठवड्याला दोन वाढवा, बारा ते सोळावर थांबलात तरी पुरे. कंबर दुखत असेल तर पुढे वाकताना गुडघे मोकळे सोडा. मनगट दुखत असेल तर बोटं पसरून तळव्याच्या सगळ्या भागावर वजन घ्या, किंवा मूठ टेका. महिनोन् महिने काही न करता रथसप्तमीला एकदम १०८ घातले की पुढचे चार दिवस जिना उतरता येत नाही. आणि लक्षात ठेवा, सूर्यनमस्कारात ढकलणं आहे, ओढणं नाही. सॅक तेव्हाही लागतेच.

चालणं, चढणं, पळणं

आठवड्याला किमान १५० मिनिटं दमदार चाल हे जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच मार्गदर्शनातलं प्रमाण. पळत असाल तर ७५ मिनिटं. दमदार म्हणजे चालताना वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. स्टँडवरून कॉलेजपर्यंत, पोवई नाक्यावरून राजवाड्यापर्यंत चालत गेलात तर तीही मिनिटं धरा. गावाकडून एसटीने ये-जा करणाऱ्यांनी एक थांबा आधी उतरावं.

साताऱ्याला चढ फुकट मिळाला आहे. अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने चार भिंतीपर्यंत जाऊन आलं तरी सपाटीवरच्या दुप्पट वेळाच्या तोडीचा दम लागतो. पण गुडघे दुखतात ते उतरताना. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, त्यात तो लवकर थकतो आणि भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. पावलं लहान टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, धावत उतरू नका. पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या पायऱ्या आणि पायवाटा टाळा. त्या दिवसांत कॉलेजचा जिना वापरा: दहा मिनिटं चढउतार, दिवसातून दोनदा. हॉस्टेलच्या वेळेमुळे पहाटे-रात्री बाहेर पडता न येणाऱ्या मुलींसाठीही हाच पर्याय खरा उपयोगी आहे.

यवतेश्वरचा घाट चढणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी अनेक जण ऐन वेळी, जेमतेम महिनाभर आधी पळायला लागतात आणि नडगीच्या आतल्या कडेला दुखणं घेऊन बसतात. हाड आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) यांना भाराची सवय व्हायला दमापेक्षा जास्त वेळ लागतो. दम महिन्यात वाढतो, नडगीला तीन-चार महिने द्यावे लागतात. नडगीवर एकाच बोटाएवढ्या जागी दुखत असेल आणि एका पायावर उडी मारल्यावर कळ येत असेल तर पळणं थांबवा आणि हाडाच्या डॉक्टरांना दाखवा, हाडाला बारीक चीर असू शकते.

लिहिणारा हात

वर्षभर टायपिंग आणि पीडीएफ, आणि परीक्षेला सलग तीन तास हाताने लिहायचं. हा भारातला सगळ्यात अचानक बदल आहे आणि याची तयारी कुणीच करत नाही. त्यात जर्नल शेवटच्या दोन रात्रींत पूर्ण करायची, म्हणजे पेपर सुरू होण्याआधीच अंगठा धरलेला असतो.

परीक्षेआधी सहा आठवडे असताना सुरू करा. आठवड्यातून तीन दिवस जुने प्रश्न सोडवत सलग लिहायचं: पहिल्या आठवड्यात ३० मिनिटं, मग ४५, मग ६०, ९०, १२०, आणि सहाव्या आठवड्यात एक-दोनदा पूर्ण तीन तास. अभ्यासही होतो, हातही तयार होतो.

पेन किती दाबता ते तपासायची सोपी खूण आहे. एक पान लिहून उलटा आणि मागून बोट फिरवा. अक्षरं उठावासारखी बोटाला लागत असतील तर दाब जास्त आहे. जाडसर, रबरी पकड असलेलं आणि शाई सहज सोडणारं पेन घ्या. कोरडं बॉलपेन दाबावंच लागतं. कागद उजव्या हाताने लिहिणाऱ्याने किंचित डावीकडे तिरका ठेवा, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात पूर्ण बाकावर टेकवा आणि अक्षर फक्त बोटांनी न काढता हात खांद्यातून सरकू द्या. ऐन पेपरात प्रत्येक उत्तर संपल्यावर पेन खाली ठेवा, मूठ पाच वेळा उघडा-मिटा, खांदे सोडा. दहा सेकंद जातात. शेवटच्या अर्ध्या तासात हात चालतो तो या दहा सेकंदांमुळे.

अंगठ्याच्या मुळाशी मनगटात दुखत असेल तर अंगठा मुठीत घेऊन मनगट हळूच करंगळीकडे झुकवा. थोडं ताणल्यासारखं सगळ्यांनाच वाटतं, म्हणून दुसऱ्या हाताशी तुलना करा. एका बाजूला सणकन कळ आली तर अंगठ्याच्या कंडरांना सूज असू शकते. मोबाइलवर अंगठ्याने टायपिंग थांबवा, लिहिणं निम्म्यावर आणा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. अशी सूज रेटून लिहिल्याने महिनोन् महिने राहते.

सॅकचंही इथेच सांगतो. लॅपटॉप पाठीला लागून ठेवा, पट्टे दोन्ही खांद्यांवर आणि सॅकचा तळ कमरेच्या खाली लोंबता कामा नये. ५० किलो वजनाच्या मुलीने रोज आठ किलो वागवण्याचं कारण नसतं. आजच्या तासांची पुस्तकं तेवढी न्या.

ताण आणि झोप

‘टेन्शन घेऊ नको’ हा सल्ला निरुपयोगी आहे. शरीराच्या बाजूने ताण उतरवता येतो, तो असा.

रात्री अंथरुणावर उताणे पडा. उजवी मूठ पाच सेकंद घट्ट आवळा, मग एकदम सोडा आणि पंधरा-वीस सेकंद सैलपणा जाणवू द्या. मग डावी मूठ, दंड, कपाळ, जबडा, खांदे कानापर्यंत ओढून, पोट, मांड्या, पोटऱ्या. पंधरा मिनिटं लागतात. जबडा आणि खांदे यांवर घाई करू नका, मानदुखीवाल्यांचा ताण तिथेच साठलेला असतो. पायात गोळा येणाऱ्यांनी पोटऱ्या हलक्याच आवळाव्यात. दिवसा वेळ नसेल तेव्हा पाच मिनिटं श्वास: चार मोजत नाकाने आत, सहा मोजत बाहेर. पोट हललं पाहिजे, खांदे नाही.

झोपायच्या तासभर आधी उद्याच्या कामांची यादी कागदावर काढा आणि प्रत्येकापुढे पहिलं पाऊल लिहा. ‘फिजिक्स’ असं नाही, ‘तिसऱ्या युनिटचे दोन प्रश्न’ असं. सात तासांची झोप परीक्षेच्या काळातही सोडायची नाही. जागून वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेतच. चहा-कॉफी संध्याकाळी पाचनंतर बंद. उशी एकच, आणि कुशीवर झोपणाऱ्याची उशी खांद्याच्या रुंदीएवढी जाड, म्हणजे मान लोंबकळत नाही.

ताण याच्या पलीकडे गेला असेल, जेवण सुटलं असेल, रडू आवरत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर घरच्यांना, मित्राला, सरांना सांगा, आणि १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मित्राच्या बाबतीत असं वाटलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच्या शेजारी बसून तुम्हीच फोन लावा.

पेपर चालू असताना

या दोन-तीन आठवड्यांत नवीन काही सुरू करायचं नाही. सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं चाल, आठवड्यातून दोनदा वरच्या सहा व्यायामांची एकेक फेरी, आणि दर चाळीस मिनिटांनी उठणं. ताकद टिकवायला ती कमावण्यापेक्षा बरंच कमी लागतं, त्यामुळे एवढं पुरतं. पेपरच्या दिवशी केंद्रावर अर्धा तास आधी पोहोचा आणि बाहेर घोळक्यात उभं राहून शेवटचे प्रश्न ऐकण्याऐवजी आवारात चाला.

दुखणं असेल तर व्यायामाला हा निकष लावा. दहापैकी तीनपर्यंत दुखत असेल तर चालू ठेवा. चार-पाच असेल तर फेऱ्या निम्म्या करा. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखलं तर पुढच्या वेळी एक तृतीयांश कमी करा, पण पूर्ण बंद करू नका.

गोळी, पट्टा आणि मान मोडणं

आखडलेल्या मानेला गरम पाण्याची पिशवी रुमालात गुंडाळून १५ ते २० मिनिटं शेका आणि लगेच हलक्या हालचाली करा. वेदनाशामक गोळी उपाशी पोटी घेऊ नका, सलग चार-पाच दिवसांच्या वर डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. ॲसिडिटी, मूत्रपिंडाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधीच विचारा. पावसाळ्यात तापासोबत अंग दुखत असेल तर डेंग्यूची शक्यता असते, तेव्हा अशा गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

कॉलर आणि कमरेचा पट्टा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. सलूनमध्ये मालिश करता करता मान झटक्याने मोडून घेणं तर कायमचं बंद करा. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला त्या झटक्यात इजा होऊ शकते. असं क्वचितच घडतं, पण घडलं तर पक्षाघातापर्यंत जातं.

धोक्याची लक्षणं नसतील तर पहिल्याच आठवड्यात एमआरआयची घाई करू नका. अजिबात दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांची तपासणी केली तरी साधारण ३० टक्क्यांच्या रिपोर्टात ‘डिस्क बल्ज’, म्हणजे मणक्यांमधली चकती थोडी बाहेर आलेली, निघतो. तो शब्द वाचून मुलं वाकायला, उचलायला घाबरतात आणि त्या भीतीनेच आखडतात. सहा आठवडे वरचं सगळं नीट करूनही फरक नसेल, किंवा हातापायात कळ उतरत असेल, तर दाखवा. सिव्हिलमध्येही हाडांचा विभाग आहे. जाताना वहीतलं ते नोंदीचं पान सोबत न्या. डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘कधी आणि कशाने वाढतं’ हाच असतो.

ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते आणि तिने हाडं-स्नायू दुखतात. पण ६०,००० युनिटची पाकिटं मित्राच्या चिठ्ठीवर महिनोन् महिने घेऊ नका, रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मुलींनी सतत थकवा असेल तर हिमोग्लोबिन बघावं. मेसच्या जेवणात प्रथिनं कमी पडतात. दोन अंडी, किंवा वाटीभर मोडाची उसळ आणि मूठभर शेंगदाणे रोज वरून घ्या.

शेवटच्या पेपरनंतर

सेमिस्टर संपलं की दुसऱ्याच दिवशी बामणोलीहून लाँचने वासोटा, नाहीतर दिवसभर क्रिकेट. तीन आठवडे बसलेल्या पायांवर तासन् तास चढउतार टाकला की घोटा मुरगळतो किंवा गुडघा सुजतो. मधे एक आठवडा ठेवा. पहिले तीन दिवस अर्धा तास सपाटीवर चाल, पुढचे दोन दिवस अजिंक्यताऱ्याचा रस्ता, एक दिवस विश्रांती, मग वासोटा. जाताना तळवा झिजलेले बूट घालू नका, सॅक पाच किलोच्या आत ठेवा, आणि उतरताना दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं बसा.